भिंतीतले आतोबा

इंटिरिअर डिझायनर म्हणून माझी कारकीर्द एकूण अकरा महिने चालली आणि तिची शेवटची वीस मिनिटं आमचे आतोबा भिंतीच्या आत होते.

आतोबा म्हणजे माझ्या शालूआत्याचे यजमान. वय शहात्तर, मूळ गाव मालवणजवळ, मुक्काम मुलुंड. भिंतही मुलुंडचीच, त्यांच्याच घरातली. डिझाइन तेवढं माझं.

त्याआधी चौदा वर्षं मी अंधेरीत एका विमा कंपनीत होतो. कोणाच्या घरात पाणी शिरलं, कोणाचं छत खाली आलं, की फोटो बघायचे आणि 'हे आधीपासूनच पडायला आलेलं होतं' असं लिहून अर्ज फेटाळायचा, हे माझं काम. चौदा वर्षं लोकांच्या मोडक्या घरांचे फोटो बघून मला घरातलं कळतं असा माझा समज झाला. (स्मशानात लाकडं विकणाऱ्याला आपल्याला डॉक्टरकी येते असं वाटावं, त्यातला प्रकार!) मग अंधेरीतच एका जिमच्या वरच्या मजल्यावर मी शनिवार-रविवारचा सहा महिन्यांचा कोर्स लावला. वर आम्ही 'घरातली शांतता' या विषयावर लेक्चर ऐकायचो, खाली लोक डंबेल आपटायचे.

शिकवणारे सर कायम काळ्या कपड्यात असायचे. चेहरा असा, की नुकताच कोणीतरी त्यांना फुलाफुलांचा पडदा दाखवलाय.

"घरात जी वस्तू डोळ्यांना दिसते," सर म्हणायचे, "ती चूक आहे."

"आणि नवरा, सर?" घाटकोपरच्या एका बाईंनी विचारलं होतं.

"त्यालाही भिंतीच्या रंगाचे कपडे घाला."

आम्ही हे वहीत उतरवून घेतलं. मोठी माणसं, पोराबाळांची, आणि उतरवून घेतलं! सरांचा सगळ्यात मोठा राग होता तो हँडलवर. "हँडल म्हणजे दाराने केलेली आरडाओरड," ते म्हणायचे. "सुसंस्कृत दार गप्प असतं." या वाक्याखाली मी लाल पेनाने दोन रेघा मारल्या, सर्टिफिकेट घेतलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात राजीनामा दिला.

माझी बायको मानसी शाळेत गणित शिकवते. तिच्याशी बोलताना उत्तर नुसतं बरोबर असून चालत नाही, पायऱ्याही दाखवाव्या लागतात.

"राजीनामा दिलास? मला न विचारता?"

"पॅशन आहे माझं, मानसी."

"पॅशन? तुला स्वतःच्या कपाटात स्वतःचे मोजे सापडत नाहीत!"

"म्हणूनच तर! घराघरातली ही जी अव्यवस्था आहे ना..."

"संक्रांत," ती म्हणाली. "पुढच्या संक्रांतीपर्यंत वेळ देते. एक काम मिळवून दाखव. एकच. पण बाहेरच्या माणसाचं, नात्यातल्या नाही. नाही मिळालं, तर गपचूप संदेशकडे जायचं."

संदेश म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझा मेव्हणा. त्याचा दहिसरला गाळा आहे आणि त्या गाळ्यात तो काय बनवतो? हँडल! कड्या, कोयंडे, बिजागऱ्या आणि हँडल! हा माणूस लग्नाला गेला तरी नवरा-नवरीकडे न बघता हॉलचं दार दोनदा उघडून बघतो. शर्टाच्या खिशात पेन असावं तसं त्याच्या पँटच्या खिशात कायम एक हँडल असतं, सॅम्पल म्हणून. आमच्या वास्तुशांतीला त्याने आहेर काय दिला असेल? जोडी! पितळी! मी त्या जोडीकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर नंतर सरांनी मला शिकवण्याची गरजच उरली नव्हती.

"भावोजी, या की आमच्याकडे," तो दर दिवाळीला म्हणायचा. "सेल्सला माणूस लागतोच. तुम्हाला बोलायला छान येतं."

मी हसायचो. डिझायनर माणूस हँडल विकणाऱ्याकडे बघून हसतो तसं.

दहा महिने मला एकही काम मिळालं नाही. नाही म्हणायला कांदिवलीच्या आमच्या बिल्डिंगमधल्या एकाने पडद्याचा रंग विचारला होता. मी त्याला चाळीस मिनिटं पडदाच कसा नको हे समजावलं. हल्ली तो लिफ्टमध्ये मी असलो की जिन्याने जातो. मानसी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर जानेवारीचं पान वर करून बघायची आणि सोडायची. ते पान खाली पडल्याचा आवाज मला हॉलमध्ये ऐकू यायचा.

शेवटी शालूआत्याचा फोन आला.

"नित्या, आमच्या घराचं कर रे बाबा. पस्तीस वर्षांत चुना सोडून काही लागलं नाही भिंतीला. भाच्याच्या हातून होऊ दे."

आत्या नात्यातली, म्हणजे मानसीच्या हिशेबात हे काम धरायचं नव्हतं. पण मी पुढचं बघत होतो! आत्याच्या सोसायटीत अठ्ठावीस फ्लॅट, सगळ्यांचा नकाशा एकच, सगळ्यांच्या भिंती एकाच वयाच्या. आणि आत्या दर संक्रांतीला अख्ख्या सोसायटीच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावते. एकाच संध्याकाळी सत्तावीस गिऱ्हाइकं, आपल्या पायांनी, नटूनथटून! त्यातही तिसऱ्या मजल्यावरच्या दिघेकाकू. या बाईंनी 'छान' म्हटलं की सोसायटी तीच भाजी आणते. त्यांना स्वतःचं घर नवं करायचं होतं आणि शिवाय मुलाचा पवईचा फ्लॅट. "संक्रांतीला शालूचं बघते आणि मग ठरवते," असं त्यांनी लेडीज ग्रुपवर लिहिलंही होतं.

आत्याचं घर म्हणजे सरांना तिथल्या तिथे चक्कर आली असती असं. प्रत्येक दाराला हँडल, प्रत्येक हँडलला काहीतरी लटकवलेलं. एकाला पिशवी, एकाला नॅपकिन, एकाला आतोबांची छत्री. भिंतीवर खिळे, खिळ्यांवर तीन कॅलेंडरं. मी एका झटक्यात सगळं काढलं आणि हॉलच्या लांब भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत हस्तिदंती रंगाची पॅनल लावली. अकरा. सगळी एकसारखी, मध्ये नखही जाणार नाही एवढीच फट. त्यांच्यामागे बेडरूम, त्यांच्यामागे बाथरूम, त्यांच्यामागे अडगळीची कोठी, देवघर, चपलांचं कपाट, सगळं सगळं. बाहेरून फक्त भिंत! हव्या त्या पॅनलवर कमरेच्या उंचीला दोन बोटांनी दाबायचं, आतली खिटी 'टिक' करते आणि पॅनल उघडतं.

"भावोजी, हँडल कुठलं घेताय?" संदेशचा फोन. "सॅम्पल पाठवू?"

"हँडल नाहीच आहे."

"नाहीच म्हणजे? मग दार उघडणार कसं?"

"स्पर्शाने."

संदेशने मागे चाललेलं मशीन बंद करायला लावलं.

"भावोजी, स्पर्शाने लाजाळू मिटते. दार कसं उघडेल?"

मी फोन ठेवला. या माणसाला शांततेतलं काय कळणार!

सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रीचीही तीच रड. "साहब, हँडल किधर लगाऊँ?"

"हँडल नहीं."

"अंदर से? बाथरूम-बेडरूम में तो लगाना पड़ेगा."

"उधर लगाओ, बाहर से दिखता नहीं. बाकी में अंदर से भी नहीं."

"और कोठी में कोई अंदर रह गया तो?"

"कोठी में कौन रहेगा? चावल?" मी म्हणालो आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसलो. मिस्त्री हसला नाही. चांगला मिस्त्री असा असतो.

काम संपलं आणि पहिल्याच सकाळी आतोबा तोंडात ब्रश धरून देवघरात शिरले. दुसऱ्या सकाळी टॉवेल घेऊन चपलांच्या कपाटात. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला थेट फोन केला.

"नित्या, आमची मोरी खंय गेली रे?"

"आतोबा, आहे तिथेच आहे. फक्त दिसत नाही."

"मोरी दिसाक नको? माझ्या वयाच्या माणसाक ती दिसाक होयी! घाई असता रे!"

"सवय होईल. सातवं पॅनल."

आणि खरंच, चौथ्या दिवसापासून तक्रार बंद! आतोबा सरळ उठायचे, सरळ जायचे, टिक. आत्याही. पुढच्या पंधरा दिवसांत मी चार-पाचदा गेलो तर मीही उठायचो, सरळ जायचो, टिक. मी मानसीला अभिमानाने सांगितलं, "बघ, डिझाइन माणसाला शिस्त लावतं." ती पेपर तपासत होती. तिने नुसतं "हं" केलं आणि कोणाच्या तरी उत्तरावर लाल फुली मारली.

संक्रांत आली. सकाळीच मी मुलुंडला हजर. आत्याने ठिकठिकाणी पुन्हा मांडलेला पसारा (प्लास्टिकची स्टुलं, बादल्या, वळकट्या, तीन कॅलेंडरं, आतोबांचं वाफारा घ्यायचं भांडं) उचलून जागा मिळेल तिथे कपाटांमध्ये कोंबला. भिंत पुसली. लांब जाऊन उभा राहिलो, डोळे बारीक केले, आणि मला ती दिसली.

टिकली! लाल, मसुराच्या डाळीएवढी, सातव्या पॅनलवर, कमरेच्या उंचीला!

आता आमच्याकडच्या बायका टिकली कुठेही लावतात हे मला माहीत आहे. आरशावर लावतात, बाथरूमच्या टाइल्सवर लावतात, फ्रिजवरही लावतात. पण माझ्या भिंतीवर? अकरा पॅनलांच्या शांततेत ही एक लाल किंकाळी! मी नखाने ती खरवडली, मागचा चिकटपणा ओल्या फडक्याने घासला आणि टिकली खिडकीबाहेर टाकून दिली. आत्या स्वयंपाकघरात तिळगूळ वळत होती. तिला मी सांगितलंही नाही. कलाकार स्वच्छतेची वाच्यता करत नाही.

पाच वाजून गेल्यावर मानसी आली. "तू अजून इथे? हळदीकुंकवाला पुरुष थांबतात का रे?"

"मी पुरुष म्हणून थांबत नाहीये. डिझायनर म्हणून थांबतोय."

"आतोबा बघ. शहाणे आहेत. वाजले पाच की खाली बाकावर जाऊन बसले."

साडेपाचला बायका यायला लागल्या. संक्रांत म्हणून सगळ्या काळ्या साड्यांत. पांढुरक्या भिंतीपुढे काळ्या साड्या! सरांनी बघितलं असतं तर सरांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. आत्या दाराशी करंडा घेऊन उभी. ती हळदकुंकू लावणार, मग समोरची तिला लावणार, मग तिळगूळ हातावर, मग वाण म्हणून स्टीलची गाळणी. सहा वाजेपर्यंत हॉल भरला. मी खिडकीपाशी उभा राहून घसा साफ केला.

"काकूंनो, समोर बघा. तुम्हाला काय दिसतं?"

"भिंत," दिघेकाकू म्हणाल्या.

"बरोबर! तुम्हाला काहीच दिसत नाही!"

टाळ्या नाही, पण कुजबुज चांगली झाली. मग मी बोलत सुटलो. शांतता, श्वास, अवकाश! सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळलेल्या. त्याच वेळी, हे मला नंतर कळलं, खालच्या बाकावरून घाईची गरज लागल्यामुळे आतोबा वर आले होते. एवढ्या बायका बघून ते लाजले, मान खाली घालून भिंतीच्या कडेकडेने निघाले, टिकली शोधली, ती नव्हती, तेव्हा अंदाजाने एक पॅनल दाबलं आणि आत शिरले. मागे पॅनल मिटलं आणि एवढ्या बायकांपुढे हाक कशी मारायची, म्हणून ते तसेच बसून राहिले. टिक झाली असेल, पण मी तेव्हा शांततेवर बोलत होतो ना! कोणाला ऐकू येणार?

दहा मिनिटांनी दिघेकाकू उठल्या. "नितीन, ऐकतेय हो सगळं. बाथरूम कुठेय जरा?"

बस्स! याच प्रश्नाची मी वाट बघत होतो.

"शोधून दाखवा!" मी हात पसरून म्हणालो.

"अय्या, गेम!" कोणीतरी ओरडलं आणि सत्तावीस बायका भिंतीवर तुटून पडल्या. दाब इथे, दाब तिथे! आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, की हळदीकुंकवाला आलेल्या बाईची बोटं कोरी नसतात. पिवळी बोटं, लाल बोटं, तिळगुळाची चिकट बोटं! पाच मिनिटांत माझ्या हस्तिदंती भिंतीवर देवीला नवस फेडून गेल्यासारखे ठसे! मी "कमरेच्या उंचीला, फक्त कमरेच्या!" असं ओरडत होतो, पण प्रत्येकीची कंबर वेगळ्या उंचीला होती. हे सरांनी शिकवलं नव्हतं.

टिक! एक पॅनल उघडलं. वळकट्या बाहेर. टिक! बादली, बादलीत बादली, त्यात वाफाऱ्याचं भांडं. टिक! तीन कॅलेंडरं आणि आतोबांची लोकरीची बनियन थेट एका पैठणीवर.

"अरे, हे सगळं आत लपवलंय होय!" कोणीतरी म्हणालं.

"नितीन, पुरे रे गंमत," दिघेकाकूंचा आवाज बदलला होता. "सांग आता कुठेय."

मी ऐटीत भिंतीकडे वळलो. सातवं पॅनल. पण कुठून सातवं? खिडकीकडून की दाराकडून? उघडी पॅनल मोजायची की मिटलेली? नकाशा घरी, कांदिवलीला. मी एक दाबलं. नाही. दुसरं दाबलं. नाही. कपाळाला घाम आला आणि माझ्या लक्षात आलं, की गेले पंधरा दिवस मी स्वतःसुद्धा टिकली बघूनच जात होतो! शिस्त कसली आणि काय कसलं! शिस्त मी सकाळी खिडकीबाहेर टाकली होती.

दिघेकाकू सरळ तिसऱ्या मजल्यावर स्वतःच्या घरी निघून गेल्या.

आणि नेमकी तेव्हाच भिंत बोलली.

"गो... कोण आसा काय थंय?"

एक बाई किंचाळली. दुसरीच्या हातातली गाळणी पडली. आत्या करंडा घेऊन धावत आली.

"अगो बाई, हेंचो आवाज! अहो! खंय आसात तुम्ही?"

"माका काय म्हायत? काळोख आसा! तांदळाच्या डब्यार बसलंय!"

तांदूळ! म्हणजे कोठी! आता कोठी कुठलं पॅनल, तर आवाज सगळ्याच भिंतीतून येत होता. पुन्हा सगळ्यांनी दाबायला सुरुवात केली, या वेळी गेम म्हणून नाही. अखेर मानसीने कान लावून आठवं पॅनल पकडलं. मी दाबलं. काही नाही. दोन्ही हातांनी दाबलं. काही नाही. (कारण दार आत दाबल्यावरच सुटणार होतं आणि आतोबा सुटकेच्या आशेने आतून खांद्याने बाहेर ढकलत होते. म्हणजे इकडून भाचा आणि तिकडून आतोबा, दोघं मिळून एकमेकांना अडवत होतो!) मग आतून एक खाड् आवाज आला.

"काय झालं, आतोबा?"

"कायतरी मोडला रे!"

खिटी मोडली होती. आता दाबून काही उपयोग नव्हता. ओढायला हवं होतं. आणि ओढायला काय होतं? काहीच नाही! नखही जाणार नाही एवढी फट, हे मीच तर चार वेळा मोजून घेतलं होतं! मी उलथणं आणलं, वाकलं. सुरी आणली, टोक तुटलं. बायकांनी सूचना द्यायला सुरुवात केली. तेल सोडा! फायर ब्रिगेडला बोलवा! दोघीतिघी तर व्हिडिओ काढत होत्या.

"नित्या," आतून आवाज आला, आता जरा बारीक. "माका खरांच जावंचा आसा रे."

मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. म्हातारा माणूस, स्वतःच्या घरात, स्वतःच्या भिंतीत, आणि बाहेर मी वाकलेलं उलथणं घेऊन उभा. मी आत्याकडे बघितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"टिकली खंय गेली?" तिने हळूच विचारलं. "मी लावलेली, ह्यांच्यासाठी. तुला हँडल सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं, म्हणून टिकली लावली. एवढीशी होती रे."

फडकं अजून माझ्या खांद्यावरच होतं.

इतक्यात दारातून आवाज आला, "ताई, निघायचं का?" मानसीला न्यायला संदेश आला होता. त्याने एकदा भिंतीकडे बघितलं, हळदीच्या ठशांकडे, पसरलेल्या बादल्यांकडे, मग माझ्याकडे. मी मनातल्या मनात त्याचं वाक्य तयार करून ठेवलं, पण तो काहीच बोलला नाही. नालायक माणूस, मोठेपणा दाखवायची वेळ बरोबर ओळखतो!

त्याने पँटच्या खिशातून हँडल काढलं. दुसऱ्या खिशातून स्क्रू आणि पेचकस. (लग्नाला जातो तेव्हाही हे सगळं असतं, मी सांगितलं ना!)

"आतोबा, दाराला हात लावू नका. दोन पावलं मागं सरा."

"मागे डबो आसा!"

"मग डब्यावर बसा."

माझ्या हस्तिदंती पॅनलवर त्याने स्क्रू टेकवला आणि पिळायला सुरुवात केली. प्रत्येक पिळाला हस्तिदंती भुगा खाली पडत होता आणि मी तोंडाने "अजून घट्ट, अजून घट्ट" म्हणत होतो. चार स्क्रू बसले. संदेशने हँडल धरलं, पाय भिंतीला लावला, आणि हिसका दिला. दार उघडलं. आत तांदळाच्या डब्यावर आतोबा बसलेले, धोतर पिठाने पांढरं, चेहरा भिंतीच्या रंगाचा. सरांचा नियम एकदाचा पाळला गेला.

टाळ्या मात्र या वेळी पडल्या, आणि जोरात पडल्या. आतोबा कोणाकडे न बघता बाहेर आले, कोठीच्या शेजारचं पॅनल बरोबर दाबलं, टिक, आणि आत गेले. सातवं! खिडकीकडून!

ते आत असताना संदेश म्हणाला, "भावोजी, ही वस्तू जी आहे ना, हिला हँडल म्हणतात."

एवढंच. पण एवढंही बोलल्याशिवाय त्याला राहवलं नाही, हे मी लक्षात ठेवलंय.

दिघेकाकू परत आल्या तेव्हा बायकांचा घोळका त्या एका हँडलभोवती जमला होता. काकूंनी ते धरून बघितलं. उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं. खोलीत कोणी श्वास घेत नव्हतं, मी तर नाहीच.

"छान," त्या म्हणाल्या. "मला हेच पाहिजे. माझ्याकडे आणि पवईला."

"भिंत?" मी आशेने विचारलं.

"हँडल रे!"

मग काय, ज्या बाईने 'छान' म्हटलं की सोसायटी तीच भाजी आणते, तिने हँडलला छान म्हटलं. संदेशच्या वहीत तिथल्या तिथे पवईसकट अठ्ठावीस घरांची नावं लागली. मानसीने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. "गोड बोल," ती म्हणाली, "आणि सोमवारी दहिसर."

"बाहेरच्या माणसाचं काम मिळवायचं असं ठरलं होतं. ही अठ्ठावीस घरं बाहेरच्यांचीच आहेत!"

"पायऱ्या चुकल्या," ती म्हणाली.

आत्याच्या भिंतीला आता अकरा हँडल आहेत. एकाला पिशवी, एकाला नॅपकिन, एकाला आतोबांची छत्री. हळदीचे ठसे काही गेले नाहीत आणि आत्याला ते घालवायचेही नाहीत. सातव्या हँडलवर तिने पुन्हा एक लाल टिकली लावली आहे. मुलुंडला गेलो की मी तिच्याकडे बघतो आणि हात मागे बांधून ठेवतो.

सोमवारचे आता बरेच सोमवार झाले. मला बोलायला छान येतं हे संदेशचं म्हणणं खरं निघालं. घराघरात जातो, पेटी उघडतो, हँडल काढून टेबलावर ठेवतो. गिऱ्हाईक उचलून बघतं आणि सगळे विचारतात तेच विचारतं, की हे मजबूत आहे ना?

"मजबूत?" मी म्हणतो. "ताई, या हँडलने भिंतीत अडकलेला माणूस ओढून बाहेर काढलाय!"

ऑर्डर तिथल्या तिथे मिळते. त्या माणसाला भिंतीत घातलं कोणी, हे आजवर कोणी विचारलेलं नाही आणि आपणहून सांगण्याइतका मी अजून सेल्समध्ये कच्चा नाही.